एफडी नातवाची, कर बापाचा

जुलै लागला की माझ्या टेबलावर एखादी तरी फाईल अशी येतेच. “मॅडम, पोराच्या एफडीवर बँकेने ५,६०० रुपये टीडीएस कापलाय. त्याचं रिटर्न भरून रिफंड मिळवून द्या ना.”

पोरगा सातवीत. आजोबांनी फंडाच्या पैशांतले ८ लाख नातवाच्या नावावर ठेवलेले. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५६,००० रुपये. व्याज ५०,००० च्या वर गेलं, म्हणून बँकेने १० टक्के कापले. बापाचा हिशोब सरळ: पोराला दुसरं उत्पन्न नाही, म्हणजे करही नाही.

पण कायद्याच्या लेखी हे व्याज पोराचं नाहीच. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ६४(१ए) सांगतं की अज्ञान मुलाचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच. पैसे आजोबांनी दिले की मामाने, याने फरक पडत नाही. आजोबांची भेट करमुक्त असते, तिच्यावरचं व्याज नव्हे. इथे भलेभले चुकतात.

पुढचा प्रश्न ठरलेला: “मग मिसेसच्या नावात दाखवू? ती घरीच असते.” नाही. बँकेत पालक म्हणून सही आईची असली तरी कमाई बापाची जास्त, तर व्याज बापाकडेच. घटस्फोट झालेला असेल, तर मूल जो सांभाळतो त्याच्याकडे.

सूट आहे, दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपये. एवढ्यात हल्ली शाळेचे बूटसुद्धा धड येत नाहीत. तीही फक्त जुन्या करप्रणालीत. नवी निवडली तर तेवढीही नाही.

हे गृहस्थ जुन्या प्रणालीत, ३० टक्क्यांच्या टप्प्यात. ५४,५०० रुपयांवर सेससह कर १७,००४. कापलेले ५,६०० वजा केले, तरी ११,४०४ भरायचे. आले होते रिफंड मागायला!

तो टीडीएस मात्र वाया जात नाही. बँकेला आधीच लेखी घोषणापत्र दिलं, तर तो पालकाच्या पॅनवर जमा होतो. ते राहिलं असेल, तर पालकाच्या रिटर्नमध्ये टीडीएसच्या तक्त्यात ‘दुसऱ्या व्यक्तीचा’ हा पर्याय घेऊन मुलाचा पॅन लिहायचा. त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही. पगारदाराला आयटीआर-२ भरावा लागतो. मुलाच्या पॅनवरचं व्याज बापाच्या वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) दिसत नाही, म्हणून ते विसरलं जातं. प्राप्तिकर खात्याला ते दिसत असतं.

मुलाचं स्वतंत्र रिटर्न लागतं ते त्याने स्वतःच्या कलेवर किंवा कष्टावर करपात्र कमाई केली तर. मालिकेत काम करणाऱ्या मुलीचं मानधन तिचंच. रिटर्नवर सही पालकाची. त्या मानधनाची एफडी केली, की तिचं व्याज पुन्हा पालकाच्या माथी. कलम ८०यू मध्ये बसणारं अपंगत्व असलेल्या मुलाला हा नियम लागू नाही. पीपीएफ आणि सुकन्या समृद्धीचं व्याज करमुक्त, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. फक्त पीपीएफमध्ये स्वतःच्या आणि मुलाच्या खात्यात मिळून वर्षाला दीड लाखच भरता येतात.

अठरा पूर्ण झाली, की त्या दिवसापासूनचं व्याज मुलाचं, आदल्या दिवसापर्यंतचं बापाचं. तेव्हा पॅनकार्डही अद्ययावत करून घ्यायचं: नंबर तोच राहतो, कार्डावर फोटो आणि सही येते.