चिखलातला सिटाटुंगा

हरिण म्हटले की डोळ्यांपुढे माळावरचा काळवीट येतो. आफ्रिकेतला सिटाटुंगा मात्र पडला दलदलीचा रहिवासी! लांब, फाकणाऱ्या खुरांमुळे तो चिखलात सहज चालतो. संकट येताच पाण्यात बुडी मारतो. नाकपुड्या तेवढ्या वर. आपली म्हैस आठवली ना? ती आठवण अस्थानी नाही. शास्त्रज्ञ त्याला काळविटाच्या नव्हे, गाय-म्हैस आणि नीलगाईच्या उपकुळात बसवतात. नाईलचा उगम शोधणाऱ्या स्पीकवरून १८६३ साली त्याचे शास्त्रीय नाव पडले. कांगोचे खोरे, व्हिक्टोरिया सरोवर, ओकावांगो अशी त्याची वस्ती. पण सलग नव्हे, लव्हाळ्यांच्या तुकड्यातुकड्यांत. एक दलदल आटली की दुसरी गाठायला कोरडी जमीन ओलांडावी लागते, आणि तेथे तेच लांब खूर अडखळतात.