साखरेवाचून गोडी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मला मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी साखर बंद केली. माझा उतरलेला चेहरा पाहून हिने चहात सॅकरिनची इवलीशी गोळी टाकली. साखरेहून सुमारे ३०० पट गोड!

१८७९ साली अमेरिकेत कोळशाच्या डांबरातील द्रव्यांवर प्रयोग करणाऱ्या फालबर्ग यांना जेवताना आपले हात गोड लागले. तेच हे सॅकरिन. निकेलच्या मुलाम्याला चकाकी आणायलाही कारखान्यांत ते वापरतात!

मी हर्षाने म्हणालो, "मग रव्याचे लाडूही याचेच कर!"

"अहो, गोडी येईल, पण पाक कशाचा करू? आणि रव्यानेही साखर वाढतेच ना?"

खरेच! गोळी फक्त जिभेची समजूत घालते. यंदा डॉक्टरांना विचारून अर्धाच लाडू, पण खरा!