स्वर राहिले, चलन हरवलं

जानेवारी १९८७. पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकचा पडदा वर गेला. पौराणिक ऑपेरा म्हटल्यावर ढगांतून उतरणाऱ्या देवता, उडते रथ, असा थाट अपेक्षित असतो. इथे तसं काहीच नव्हतं. काळसर संगमरवराचं एकच दालन आणि त्यात काळ्या-चंदेरी पोशाखांतली दरबारी माणसं, जणू राजवाड्याला सुतक आहे. पुढचे सुमारे तीन तास या दालनात घडलं ते झां-बाप्तीस्त ल्युलीचं ‘आतीस’. विल्यम क्रिस्टी यांचा ‘लेझार फ्लोरिसां’ हा १९७९ साली स्थापन झालेला संच ते सादर करत होता. ज्या ऑपेराचं नाव तोवर अभ्यासकांनाच काय ते ठाऊक होतं, तो या प्रयोगानंतर थेट न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आला.

‘आतीस’चा पहिला खेळ १६७६ साली सेंट-जर्मेनच्या राजवाड्यात चौदाव्या लुईसमोर झाला. राजाला तो इतका आवडला, की ‘राजाचा ऑपेरा’ हेच त्याचं नाव पडलं. गोष्ट देवतेच्या एकतर्फी प्रेमाची. सिबेल आतीसवर भाळते, तो दुसरीवर जीव लावून बसलेला. सिबेल सूड म्हणून त्याला वेड लावते आणि त्या भरात तो प्रेयसीलाच ठार करतो. ल्युलीचा स्वतःचा शेवटही काही कमी नाट्यमय नव्हता. त्या काळी जाडजूड काठी जमिनीवर आपटून ताल देत. १६८७ मध्ये ती त्याच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि तो गेला. ‘आतीस’ मात्र अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाजत राहिला. मग आवडीनिवडी पालटल्या आणि दोनशेहून अधिक वर्षं तो रंगभूमीवरून जवळपास नाहीसा झाला.

पण हरवलं नेमकं काय? कागद तर हरवला नव्हता. १६८९ साली छापलेली स्वरलिपी ग्रंथालयांत सुखरूप होती. तुटली होती ती गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाणारी साखळी. नुसत्या स्वरलिपीवरून बंदिश गायला बसलं की काय होतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. स्वर बरोबर लागतात आणि राग दिसत नाही. सतराव्या शतकातल्या फ्रेंच संगीताचं तेच झालं. कागदावर सारख्या लांबीचे दोन स्वर लिहिलेले असत, पण वाजवणारा पहिल्यावर किंचित रेंगाळे आणि दुसरा हलकेच सोडून देई. हे कोणी लिहून ठेवत नसे, कारण सगळ्यांनाच ते माहीत असे. हार्प्सिकॉर्डवाल्यापुढे तर खर्जाची एक ओळ आणि काही आकडे एवढंच असे. बाकीची भरणी त्याने जागच्या जागी करायची, मुरलेल्या पेटीवाल्यासारखी.

मग हे न लिहिलेलं चलन शोधायचं कुठे? एक साक्षीदार होता, गेऑर्ग मुफात. पोरवयात पॅरिसात राहून तो ल्युलीची शैली शिकला आणि पुढे १६९८ मध्ये आपल्या रचनांच्या प्रस्तावनेत, तीही चार भाषांत, त्याने सगळं सांगून टाकलं. आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याला गज खालीच ओढायचा. सगळ्यांचे गज एकाच दिशेने चालले पाहिजेत.

पट्टीचाही प्रश्न होता. फ्रान्समध्ये तेव्हा वाद्यं आजच्यापेक्षा साधारण एका पूर्ण स्वराने खाली लावत. आपल्या भाषेत बोलायचं तर आजची पांढरी सहा तेव्हा पांढरी पाचवर यायची. त्यात व्हायोलिनला पोलादाऐवजी आतड्याच्या ताती. आवाज लहान होतो, पण त्याला लाकडाचा वास येतो. असल्या वाद्यांसमोर गडगडणारा, सतत थरथरणारा ऑपेराचा आवाज चालतच नाही. शिवाय आपल्या संगीत नाटकात संवाद थांबतो आणि पद सुरू होतं, तर ल्युलीकडे संवादच गायला जातो. शब्द कळला नाही तर सगळंच बुडालं. म्हणून क्रिस्टी यांनी फ्रेंच उच्चारांवर सर्वाधिक भर दिला. फ्रेंच ऑपेरा उभा केला तो फ्लॉरेन्समध्ये जन्मलेल्या ल्युलीने, आणि फ्रेंचांच्या कानांवर तो पुन्हा घातला तो बफेलोत जन्मलेल्या अमेरिकनाने. यातली गंमत पॅरिसकरांनाही कळली असणार.

या सगळ्या खटाटोपाचं फळ ऐकायचं तर तिसऱ्या अंकातला निद्रेचा प्रवेश ऐकावा. रेकॉर्डर, म्हणजे शिट्टीसारख्या फुंकायच्या लाकडी बासऱ्या, दोन-दोन स्वरांच्या जोड्या झुलवत राहतात. तंतुवाद्यं त्यांना तशाच झोक्यांनी उत्तर देतात. मग निद्रादेव गाऊ लागतो, गोड स्वप्नं येतात आणि त्यांच्या मागोमाग धमकावणारी दुःस्वप्नं. स्वर सगळे सारखे, एकसुरी वाजवले तर इथे प्रेक्षकही झोपेल. ते रेंगाळणं आणि सोडणं जमलं, तर पाळणा हलतो.

हे सगळं हुबेहूब १६७६चं होतं का? मुळीच नाही. तेव्हाच्या खेळात उडत्या यंत्रांची रेलचेल होती. दिग्दर्शक झां-मारी व्हिलेजिए यांनी ती सरळ गाळली आणि देवांच्या कथेत लुईच्या दरबारातली घुसमट आणली. चलन जुनं, डोळा आजचा. दोन्ही बाजूंनी जुनेपणाचा हट्ट धरला असता तर संग्रहालयातली एक वस्तू तेवढी तयार झाली असती.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये हा खेळ पाहिलेल्या रोनाल्ड स्टँटन या अमेरिकन उद्योगपतीला तो पुन्हा पाहायची इतकी ओढ लागली, की त्याने पुनःप्रयोगाच्या खर्चाची जबाबदारी घेतली. मूळ नेपथ्य उरलं नव्हतं, ते नव्याने बांधावं लागलं. २०११ मध्ये ‘आतीस’ पॅरिसला आणि मग ब्रुकलिनलाही परतला.

एव्हाना क्रिस्टींच्या हाताखाली वावरलेल्यांनी आपापली घराणी काढली होती. बसून हे फुंकवाद्य वाजवणारा मार्क मिंकोव्स्की, हार्प्सिकॉर्डवरचा क्रिस्तोफ रुसे, गायक एर्वे निके यांचे आज स्वतंत्र संच आहेत. क्रिस्टींनी २००२ पासून तरुण गायकांसाठी एक शिक्षणवर्ग चालवला आहे. त्याचं नाव ‘आवाजांची बाग’. खरीखुरी बागही आहे, पश्चिम फ्रान्सच्या व्हांदे भागातल्या तिरे या लहानशा गावी. क्रिस्टींनी ती स्वतः आखून वाढवली, आणि २०१२ पासून दर उन्हाळ्यात तिथे उत्सव भरतो. कापलेल्या कुंपणांच्या आडोशाला विशी-तिशीतली मुलं गुरूच्या शेजारी उभं राहून गातात.