सहा हजारांचं रेडिओ केंद्र आणि साडेआठ लाखांचा जिल्हा

येत्या १३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन. त्या निमित्ताने 'रेडिओचे दिवस परत आले' असा सूर पुन्हा लागेल आणि पुरावा म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाच्या ऑगस्ट २०२४च्या निर्णयाकडे बोट दाखवलं जाईल: २३४ नवी शहरं, ७३० खासगी एफएम वाहिन्या. त्या यादीतली महाराष्ट्राची नावं सिंधुदुर्गातल्या जामसंड्यात बसून वाचली की गंमत वाटते. अचलपूर आहे, बार्शी आहे, उदगीर आहे, नंदुरबार आहे. कोकण नाही.

यात कुणाचा कट नाही, साधा हिशोब आहे. खासगी एफएमचा तिसरा टप्पा आखला गेला तो लाखाच्या वर वस्ती असलेली शहरं धरून. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात माणसं होती ८,४९,६५१, पण ती वाड्यावाड्यांत विखुरलेली. देवगड आणि जामसंडे एका नगरपंचायतीत घातली तरी लाखाच्या आसपासही पोचत नाहीत. जाहिरातदाराने इथे येऊन कुणाला काय विकायचं? आणि समजा तो आलाच, तरी खासगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं, एवढीच मुभा. म्हणजे मिळणार गाणी. ती खिशातल्या मोबाइलमध्ये आधीपासून आहेत.

हाच हिशोब फ्रान्सने कसा मांडला ते बघा. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यासमोर सेंट पिएर आणि मिकलाँ ही दोन चिमुकली फ्रेंच बेटं आहेत. वस्ती सुमारे सहा हजार. धंदा पिढ्यान् पिढ्या मासेमारीचा. १९९२मध्ये कॅनडाने कॉड माशाच्या पकडीवर बंदी घातली आणि त्याची झळ बेटांनाही बसली. तरीही या सहा हजारांसाठी फ्रान्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं स्वतंत्र केंद्र आहे, फ्रेंचमधून, स्थानिक बातम्यांसह. सहा हजार माणसं म्हणजे आपल्याकडे दोन-तीन मोठी गावं. श्रोत्यामागे खर्च किती येतो हा प्रश्न तिथेही निघत असेल. पण केंद्र चालू आहे.

आपल्याकडे दक्षिण कोकणासाठी १९७७मध्ये रत्नागिरी केंद्र आलं, मिडियम वेव्हवर ११४३ किलोहर्ट्झ. खालच्या तालुक्यांना पणजीही जवळची. रत्नागिरी ते देवगड सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर, मध्ये सडे, घळी आणि खाड्या. एफएमची लहर जेमतेम तीन मीटर लांबीची आणि चाल जवळपास सरळ: मनोरा दिसतो तिथवर, त्याहून थोडं पुढे, संपलं. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून हे अंतर साधारण चाळीस किलोमीटर भरतं, आणि वाटेत डोंगर आला की तेवढंही नाही. ११४३ किलोहर्ट्झची लहर अडीचशे मीटरहून लांब. ती जमिनीला धरून वाकत जाते. त्यातही खारं पाणी तिला खडकाळ जमिनीपेक्षा कितीतरी सोपं, कारण ते हजारो पट चांगलं वीजवाहक. डोंगरात दमणारी मिडियम वेव्ह दर्यावर मात्र निवांत पसरते. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतणाऱ्या लहरींची त्यात भर. खरखर असते, कबूल. पण खोल समुद्रात मोबाइलची रेंज गेल्यावर तांडेलाला खरखरीतून ऐकू येणारा माणूससुद्धा चालतो.

आणि गेल्या काही वर्षांत प्रसार भारतीने जुनी मिडियम वेव्ह प्रक्षेपकं देशभर बंद करायला घेतली आहेत. विजेचं बिल मोठं, सुटे भाग मिळत नाहीत, ऐकणारे कमी: तिन्ही कारणं खरी आहेत. बदल्यात एफएम वाढवलं जातंय. एप्रिल २०२३मध्ये शंभर वॉटची ९१ प्रक्षेपकं एकाच दिवशी सुरू झाली, तेव्हा सगळी मिळून ३५ हजार चौरस किलोमीटर व्यापतील असं सांगण्यात आलं. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला चारशेहून कमी. सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरचा आहे, समुद्र सोडून.

समुद्र सोडायचा का? डिसेंबर २०१७मध्ये ओखी वादळातून वाचून ६८ बोटी देवगड बंदरात शिरल्या, ६६ केरळच्या, दोन तमिळनाडूच्या, माणसं ९५२. त्यातले बरेच वादळाचा इशारा निघण्याआधीच खोल समुद्रात होते. मागून निघालेला इशारा त्यांच्यापर्यंत नेणारं भरवशाचं साधन नव्हतं. नुसत्या रेडिओने सगळे वाचले असते असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. सेट चालू हवा, कळणारी भाषा हवी, वेळेवर बोलणारं कुणी हवं. पण यातलं काहीच महाग नाही.

माझ्या मते या बाबतीत खरी तज्ज्ञ एकच, आणि ती अभियंता नाही. लिबिया लोबो सरदेसाई. शंभरी ओलांडल्यावर, २०२५च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या जिल्ह्यात त्याची व्हायला हवी तेवढी चर्चा झाली नाही. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी लिबिया आणि वामन सरदेसाई यांनी याच जिल्ह्यातल्या आंबोलीच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीसाठी भूमिगत रेडिओ सुरू केला. कोकणीत 'गोंयच्या सोडवणेचो आवाज', पोर्तुगीजमध्ये त्याच अर्थाचं नाव. पुढे मुक्काम कॅसलरॉकच्या रानात हलला, पण प्रक्षेपण डिसेंबर १९६१पर्यंत, गोवा मुक्त होईस्तोवर चाललं. सकाळ-संध्याकाळ बातम्या, पोर्तुगीज प्रचाराला उत्तरं. वाड्यावरच्या माणसाशी कोकणीत आणि कचेरीतल्या माणसाशी पोर्तुगीजमध्ये बोलायचं, हे त्या दोघांनी पहिल्यापासून ठरवलं. श्रोते किती हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते मोजणार कोण होतं? पोर्तुगीज सरकार?

सह्याद्रीची उंची कशी वापरायची हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे त्याच डोंगराला सत्तर वर्षांनंतरही 'प्रसारणातला अडथळा' म्हणतात.

पैसा नाही म्हणावं तर जानेवारी २०२३मध्ये प्रसार भारतीच्या यंत्रणेसाठी २,५३९ कोटी ६१ लाख रुपये मंजूर झाले. उद्दिष्ट असं की आकाशवाणीचं एफएम ५९ऐवजी ६६ टक्के भूभागावर आणि ६८ऐवजी ८० टक्के लोकसंख्येपर्यंत पोचावं. भूभागाचा टक्का जमिनीवरच मोजतात. जाळं टाकून बसलेला खलाशी या दोन्ही आकड्यांत कुठे धरायचा, हे कुणीच ठरवलेलं नाही. किनारपट्टीला वेगळा निकष लावा, तिथली मिडियम वेव्ह सर्वांत शेवटी बंद करा आणि रोज संध्याकाळी अर्धा तास मालवणीतून वारा, लाट, बंदराची खबर आणि मार्चपासून आंब्याचा भाव सांगणारा माणूस नेमा. तो रोजंदारीवरचा नैमित्तिक उद्घोषक नसावा, कायमचा असावा. वादळ ड्युटीचा तक्ता बघून येत नाही.