एक खून, दोन उत्तरे

डेन्मार्कच्या ‘डीआर’ वाहिनीवर २००७ मध्ये ‘फोर्ब्रुडेल्सन’ (अर्थात ‘गुन्हा’) ही मालिका आली. कोपनहेगनमधील एका तरुणीच्या खुनाचा तपास २० भाग चालतो. प्रत्येक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. अखेरच्या भागात खुनी उघड होतो.

अमेरिकेच्या ‘एएमसी’ने २०११ मध्ये ही कथा ‘द किलिंग’ या नावाने सिअ‍ॅटलमध्ये नेली. तपास अधिकारी सारा लुन्डची सारा लिंडन झाली. लोकरी स्वेटर आणि शोकाकुल कुटुंब मात्र कायम राहिले. ‘रोझी लार्सनला कोणी मारले?’ या प्रश्नावरच जाहिरात झाली. तरीही १३ भागांचे पहिले पर्व उत्तराविना संपले आणि प्रेक्षक संतापले. उत्तर मिळाले ते पुढच्या वर्षी, २६व्या भागात. खुनीही मूळ मालिकेहून वेगळा.

मध्यंतरात डॅनिश प्रेक्षकही महिनोन्महिने थांबले होते. अमेरिकेत खटकला तो विलंब नव्हे, तर मोडलेली अपेक्षा.