प्रतिकृती आणि आटे : लहान कामासाठी टॅप व डाय कसे निवडावेत



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी आम्हां मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कानसही दिली. कोसाड तेव्हा तापीपलीकडचे खेडे होते; आज ते सुरत महानगरात मिसळून गेले आहे. खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने पोटासाठी सुरतेस आलेल्या कुटुंबांतील आम्ही मुले. वडील लूमवर, आणि आमचे डोळे कोसाड स्थानकातून धडधडत जाणाऱ्या गाड्यांकडे. त्या वेडातूनच एका उन्हाळी सुटीत गुरुजींच्या मार्गदर्शनाखाली आम्ही एका लहान इंजिनाची प्रतिकृती करावयास घेतली. पुढे माझे सारे आयुष्य टूलरूममध्ये गेले. तरी आट्यांविषयीचा पहिला धडा मी शिकलो तो याच शाळेत, आणि तोही एक टॅप मोडून.

प्रसंग असा. गनमेटलचा छोटा सिलिंडर आम्ही अडीच महिने राबून तयार केला होता. झाकण बसविण्यासाठी त्यात २ मिलिमीटरच्या स्क्रूंची आठ छिद्रे होती. सात छिद्रांत आटे पडले. आठव्यात टॅप जड जाऊ लागला, तेव्हा मी हँडल थोडे अधिक दाबले, आणि ‘टक्’ असा आवाज झाला. टॅपचा तुकडा आत राहिला. अडीच महिन्यांचे काम एका क्षणात वाया गेले, असे मला वाटले. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी घरातून तुरटी आणावयास सांगितली. तिचा उपयोग पुढे सांगेन. आधी तो टॅप का मोडला, ते पाहू. कारण टॅप निवडण्याचे सारे शास्त्र त्या एका प्रश्नात सामावलेले आहे.

आट्यांच्या जाती

आटे म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार. तो सर्वत्र सारखा असावा ही कल्पना आज साधी वाटते. परंतु इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे एक माप सुचविले, तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. आपल्याकडील जुन्या यंत्रांवर आणि बाजारातील अनेक बोल्टांवर तो अजूनही भेटतो. घड्याळे, विद्युत-उपकरणे यांसारख्या बारीक कामासाठी ब्रिटिश असोसिएशनने १८८४ मध्ये निराळी मालिका सुचविली, तीच ‘बी. ए.’. तिचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा. तिच्यातील शून्य क्रमांकाचा स्क्रू ६ मिलिमीटरचा असतो आणि आकडा वाढत जातो तसा स्क्रू बारीक होत जातो. आजची आंतरराष्ट्रीय मेट्रिक मालिका ६० अंशांची आहे. ‘एम ३’ म्हणजे ३ मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांत अर्ध्या मिलिमीटरचे अंतर.

या जातींची सरमिसळ हे नवशिक्याचे पहिले संकट. ६ क्रमांकाचा बी. ए. स्क्रू सुमारे २.८ मिलिमीटरचा असतो, त्याच्या आट्यांचे अंतर ०.५३. तो एम ३ च्या छिद्रात सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो, पण खरी पकड येत नाही. म्हणून पहिला सल्ला : एक जात ठरवा आणि तिलाच चिकटून राहा. आज नव्याने आरंभ करणाऱ्याने निःशंकपणे मेट्रिक घ्यावी. तिचे टॅप, डाय, ड्रिल आणि तयार स्क्रू सहज मिळतात. जुन्या इंग्रजी आराखड्यावरून काम करावयाचे असेल तरच बी. ए. कडे वळावे.

बारीक आट्यांची गरज

प्रतिकृतीत दोन अडचणी एकदम येतात. पहिली दिसण्याची. एका फुटास एक इंच, म्हणजे १:१२ या प्रमाणात, मूळ इंजिनावरील एक इंची बोल्ट सुमारे २.१ मिलिमीटरचा होतो. त्याचा षट्कोनी नट साडेतीन मिलिमीटरचा हवा. बाजारातील एम २ चा नट ४ मिलिमीटरचा असतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नाही असे वाटेल, पण डोळ्याला तो खटकतो. यासाठी साडेतीन मिलिमीटरच्या षट्कोनी पितळी सळईतून नट स्वतः करावे लागतात, आणि मग एम २ चा टॅप हाताशी हवाच.

दुसरी अडचण भिंतीच्या जाडीची. पाव इंची व्हिटवर्थच्या आट्यांची संख्या इंचाला २० असते आणि खोली सुमारे ०.८ मिलिमीटर. एक मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीवर तो पाडला, तर नळी जवळजवळ कापली जाईल. त्याच व्यासावर इंचाला ४० आटे घेतले, तर खोली निम्मी होते आणि नळी शाबूत राहते. प्रतिकृती करणाऱ्यांत इंचाला ४० आट्यांची मालिका रूढ झाली ती याच कारणाने. मेट्रिकमध्ये नळीजोडासाठी एम ६ चा साधा १ मिलिमीटर अंतराचा आटा न घेता ०.७५ चा बारीक आटा घ्यावा.

प्रतिकृती फार लहान असली, तर मात्र हा आग्रह सोडावा लागतो. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथील गाड्या १:८७ प्रमाणाच्या आहेत. त्या प्रमाणात एक इंची बोल्ट ०.३ मिलिमीटरचाही भरत नाही. अशा ठिकाणी बोल्टाचे केवळ रूप दाखवावे आणि भाग जोडण्याचे काम आडोशाला लपविलेल्या एक-दोन मोठ्या स्क्रूंकडे द्यावे.

टॅप का मोडतो

आता माझ्या टॅपकडे येतो. गोल दांड्याची पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे २ मिलिमीटरचा टॅप ३ मिलिमीटरच्या टॅपच्या एकतृतीयांशाहूनही कमी पीळ सोसतो, आणि ६ मिलिमीटरच्या टॅपच्या सत्ताविसाव्या हिश्श्याएवढाच. माझ्या हातात हँडल मात्र ६ मिलिमीटरच्या टॅपचे होते. लांब दांडीमुळे टॅपवर किती पीळ पडतो आहे, हे बोटांना कळलेच नाही. लहान टॅपला लहान हँडल हवे. ते अंगठा आणि दोन बोटांनी फिरविता यावे.

दुसरी चूक छिद्राची. मी तक्त्याप्रमाणे एम २ साठी १.६ मिलिमीटरचे ड्रिल वापरले होते. त्यात पूर्ण आट्याच्या सुमारे ७७ टक्के खोली मिळते. १.७ चे ड्रिल घेतले असते तर ती सुमारे ५८ टक्के झाली असती. कापावयाची धातू कमी आणि टॅपवरील भारही कमी. एम ३ चेही तसेच : २.५ च्या ड्रिलने ७७ टक्के, २.६ च्या ड्रिलने ६२. आट्याची खोली वाढविली तरी बळकटी त्या मानाने थोडीच वाढते, टॅपवरचा भार मात्र झपाट्याने वाढतो. मानक नटाची उंची बोल्टच्या व्यासाच्या सुमारे ०.८ पटच असते, तरी तो पुरतो. आपल्या सिलिंडरात आटे व्यासाच्या दीडपट खोल असले, तर साठ टक्क्यांचा आटा निर्धास्तपणे चालतो. म्हणून टॅप विकत घेताना प्रत्येक मापाची दोन ड्रिल सोबत घ्यावीत : एक तक्त्यातले, एक त्याहून ०.१ मिलिमीटर मोठे.

तिसरी चूक म्हणजे टॅप सरळ नव्हता. हाताने फिरविलेला बारीक टॅप किंचित कलला तरी त्याच्या एकाच बाजूवर भार येतो. छिद्र ज्या ड्रिल-प्रेसवर पाडले, तेथून काम न हलविता, चकमध्ये टॅप धरून, वीज बंद ठेवून हाताने आरंभ करावा. दोन-तीन आटे सरळ पडले, की पुढचा मार्ग टॅप स्वतः धरतो.

खरेदी करताना

हातटॅपचा संच तिघांचा असतो : पहिला निमुळत्या तोंडाचा, दुसरा मधला, तिसरा जवळजवळ सपाट तोंडाचा. आरपार छिद्राला पहिले दोन पुरतात. बंद छिद्राच्या तळापर्यंत आटे नेण्यासाठी तिसरा लागतो. काही मेट्रिक संचांत पहिले दोन टॅप व्यासाने किंचित कमी ठेवलेले असतात. अशा संचात तिन्ही टॅप क्रमाने फिरविले नाहीत, तर स्क्रू बसत नाही. ही गोष्ट विकत घेतानाच विचारून घ्यावी.

पोलादाच्या दोन जाती आढळतात. साध्या कार्बन पोलादाचे टॅप स्वस्त असतात आणि पितळेला पुरतात. मात्र त्यांची धार लवकर जाते. हायस्पीड पोलादाचे, आटे घासून पूर्ण केलेले टॅप महाग असतात, पण मऊ पोलाद आणि स्टेनलेस यांवर तेच टिकतात. चाळीस नगांची चकचकीत पेटी घेण्याचा मोह मात्र टाळावा. तिच्यातील निम्मी मापे कधीच लागत नाहीत, आणि जी लागतात त्यांचा दर्जा भरवशाचा नसतो. तेवढ्याच पैशांत पाच मापे उत्तम घ्यावीत : एम २, एम २.५, एम ३, एम ४ आणि नळीजोडासाठी एम ६ बारीक. नवा टॅप भिंगाखाली धरून धार अखंड आहे का ते पाहावे आणि प्रथम पितळेच्या टाकाऊ तुकड्यावर चालवावा.

डाय घेताना फटीची गोल डाय घ्यावी. षट्कोनी डाय-नट बिघडलेले आटे दुरुस्त करण्यासाठी असतो, नवे पाडण्यासाठी नव्हे. गोल डायच्या हँडलमधील मधला स्क्रू आवळला की डाय उघडते, बाजूचे दोन आवळले की मिटते. टॅपचे माप बदलता येत नाही, डायचे थोडे बदलता येते. म्हणून नेहमी छिद्र आधी आणि सळई नंतर. डाय उघडी ठेवून पहिली फेरी घ्यावी, छिद्रात घालून पाहावे, मग थोडी मिटवावी. सळईचे टोक निमुळते करावे आणि तिचा व्यास एम ३ साठी २.९ ते २.९५ ठेवावा.

वंगणही धातूप्रमाणे बदलते : पोलादाला कटिंग तेल, ॲल्युमिनियमला रॉकेल, बिडाला काहीच नाही, पितळही कोरडे चालते. अर्धा वेढा पुढे, पाव मागे, म्हणजे कीस तुटतो. बंद छिद्रात टॅप वारंवार बाहेर काढून कीस झाडावा.

तुरटीची गोष्ट

आता तुरटी. काचेच्या भांड्यात पाणी तापवून त्यात मावेल तेवढी तुरटी विरघळविली आणि सिलिंडर त्यात बुडवून मंद आचेवर ठेवला. तुरटीचे तापलेले द्रावण पोलादाला हळूहळू खाते, पितळ व गनमेटलला मात्र जवळजवळ धक्का लावीत नाही. तुकड्याभोवती बारीक बुडबुडे येऊ लागले. दोन दिवस आम्ही पाळीपाळीने पाणी घालीत राहिलो. तिसऱ्या दिवशी तुकड्याचा काळा गाळ टाचणीने निघाला आणि छिद्र मोकळे झाले. ही युक्ती पोलादी किंवा बिडाच्या वस्तूवर चालत नाही, कारण तेथे वस्तूच आधी खाल्ली जाईल. भांडेही लोखंडी नसावे.

त्या दिवशी गुरुजी इतकेच म्हणाले, “टॅप मोडण्याआधी बोटांना सांगतो. ऐकायचे शीक.” हे वाक्य मला टूलरूममधील चाळीस वर्षांत रोज उपयोगी पडले.

शाळेत मुलांसाठी छोटी कार्यशाळा उभारण्याचा संकल्प माजी विद्यार्थ्यांनी केला आहे. निधी थोडा आहे, हे मी जाणतो. म्हणूनच आज हे सविस्तर सांगितले. मोठी पेटी नको. पाच मापे, दहा ड्रिल, दोन लहान हँडले, एक भिंग आणि टाकाऊ पितळेची टोपली एवढ्यावर आरंभ करावा. मुले टॅप मोडतील, मोडू द्यावेत. तुरटी वाण्याकडे मिळते. मात्र मोडल्यावर न रागावणारा माणूस त्यांच्याजवळ उभा राहील, एवढी व्यवस्था आपण करू या. गुरुजींचे खरे स्मारक तेच ठरेल.