मातीतली आई

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकशाजवळ कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला ठिकठिकाणचे गोंड बांधव तिथे लोटतात. आख्यायिका सांगते, की माता कली कंकालीची ३३ मुले इथे कोंडली गेली. गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगोने ती सोडवली, माता जंगो रायताडने सांभाळली आणि पुढे त्यांच्यापासून कुळे झाली. वंशाची सुरुवात डोंगराच्या पोटातून, आणि आया दोन: एक जन्म देणारी, दुसरी वाढवणारी. आई आणि वंश हा विषय गॅलऱ्यांमधल्या सिरॅमिक कलेने नव्याने शोधला असे कुणी म्हणाले, तर मला कचारगड आठवतो आणि त्यापाठोपाठ इनामगाव.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची डबी निघाली. आत बिनडोक्याची बाई, वर डोके असलेली दुसरी बाई आणि एक बैल. सगळे कच्च्या मातीचे. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीलाही. काडी घातली की ती बैलावर स्वार होते. ही बाळंतपणाशी जोडलेली देवी असावी, असा अभ्यासकांचा तर्क. मला तो पटतो, पण पुरता नाही. भोकात काडी घालणारा हात लेकराचाही असू शकतो. त्याच गावात दगावलेली बाळे दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवून घरातच पुरलेली आढळली. या मडक्यांविषयी मात्र मला तर्क नको वाटतो. ज्या आईने ते केले तिला ते बाळ घराबाहेर जाऊ द्यायचे नव्हते, एवढे पुरे.

मडके आणि आईचे पोट यांचे नाते जुनेच. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात घट आणि गर्भाशय यांचे हे नाते उलगडले. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरणाऱ्या घरोघरच्या बायका ते नाते न वाचताच पाळतात. वऱ्हाड-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीच्या भुलाबाई-भुलोजींसमोर गाणी म्हणतात. सोबत बाळ गणोबाही असतो, म्हणजे अख्खा संसारच मांडलेला. महिनाभराने तो पाण्यात सोडतात.

पण मातीत हात कुणाचे? कुंभाराच्या चाकाला बाईने शिवायचे नाही, ही रीत देशात बऱ्याच ठिकाणी होती. माती चाळायची, तुडवायची, मडके रंगवायचे तिने. चाक त्याचे आणि घराण्याचे नावही त्याचेच. मणिपूरच्या आंद्रो गावात बायका चाकाशिवायच भांडी घडवतात. मला ती रीत अधिक थोर वाटते.

मातीतून बाईचे नाव झाल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या कोचिती पुएब्लोत लेकरू घेतलेल्या गाणाऱ्या आईच्या मातीच्या बाहुल्या जुन्याच. १९६४ मध्ये हेलन कॉर्डेरो यांनी त्या आईच्या जागी गोष्टी सांगणारे आपले आजोबा बसवले आणि त्यांच्या अंगावर नातवंडांची गर्दी केली. या बाहुल्या जगभर गेल्या, कॉर्डेरो यांच्या नावाने ओळखल्या गेल्या. पुढे घरातल्यांनीही त्या घडवल्या. इकडे विदर्भ-छत्तीसगड पट्ट्यात दिवाळीला लक्ष्मीपूजनात पणत्या घेतलेली मातीची ग्वालिन मांडतात. तीही कुणाच्या तरी आईनेच रंगवलेली असते, पण तिच्या तळाशी सही नसते.